माळ्यावरची बॅग, टेबलावरचं रॉकेट

४ फेब्रुवारी, मंगळवार

फेकला! पॉलिश पेपरचा बोळा करून थेट माझ्या अंगावर. डाव्या हाताने फेकला म्हणून चहाच्या कपात पडला, नाहीतर नाकावरच बसला असता.

सगळं त्या मास्तरीणबाईंमुळे. मास्तरीण म्हणजे ह्याला पुन्हा बोलायला शिकवायला मंगळवारी आणि शुक्रवारी येते ती मुलगी. माझ्या निम्म्या वयाची, पण नवराबायको दोघांनाही दटावते. आज म्हणाली, "काकू, काकांना आजारपणाआधी जे करायला आवडायचं ते हातात द्या. चित्रांचे तक्ते बघून माणूस कंटाळतो." ह्याला काय आवडायचं? मागच्या खोलीचं दार लावून बसायला आवडायचं. सत्तावीस वर्षं तेच केलं. आणि तिथे ती जुनी रॉकेटं.

खरी नव्हेत. हातभर लांब, पुठ्ठ्याच्या नळीची, लाकडी पंखांची. बोटाएवढं इंजिन घालून मैदानातून सोडायची असतात. लोकांनी टाकून दिलेली, मोडकी, कुणाच्या अडगळीतली, कुणा शाळेच्या बंद कपाटातली. हा ती आणायचा, दुरुस्त करायचा आणि भिंतीवरच्या फळीवर उभी करायचा. आज मोजली, एकतीस आहेत. बत्तिसावं टेबलावर, अर्धवट.

तेच ह्याच्यापुढे ठेवलं आणि पॉलिश पेपर हातात दिला. दहा मिनिटं नुसता बघत बसला. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मग फेकला.

"अरे, राग काढायचा तर त्या मास्तरणीवर काढ!" म्हटलं. तर म्हणतो, "तिकडे."

एवढा एकच शब्द उरलाय ह्याच्याकडे. पाणी हवं – तिकडे. नको – तिकडे. उशी टोचतेय – तिकडे. तेरा नोव्हेंबरला झटका आला तो बाकीचे सगळे शब्द घेऊन गेला. हाच एक का ठेवला, देव जाणे.

९ फेब्रुवारी

ताईचा फोन. पहिला प्रश्न नेहमीचाच – "अगं, कधी येतेस?"

खरं लिहायचं तर इथेच लिहायचं, दुसरीकडे कुठे लिहिणार. तेरा नोव्हेंबरला संध्याकाळी मी ह्याला सांगणार होते की मी चाललेय. ताईकडे, कायमची. तिच्या घरातली वरची खोली रिकामी आहे. मी पडदे शिवते. तिच्या गावातल्या दुकानातही माझं काम पक्कं झालं होतं. सप्टेंबरपासून बॅग भरून माळ्यावर ठेवलीय, जुन्या गाद्यांच्या मागे.

भांडण नाही, मारझोड नाही, दुसरी बाई नाही. नुसतं – हा बोलत नाही. पाणीखात्यात मीटर तपासायचा. दिवसभर लोकांच्या घरचे आकडे लिहायचे, घरी येऊन जेवायचं, मागच्या खोलीत जायचं. "आज उशीर?" – "हं." "बरं नाही का?" – "बरंय." इतकी वर्षं भिंतीशी बोलले असते तर तिलाही पाझर फुटला असता.

तर त्या दिवशी सकाळपासून मी वाक्य घोकत होते. आणि दुपारी दुकानात फोन आला की हा जिन्यात पडलाय.

आधी बोलत नव्हता, आता बोलता येत नाही. माझ्या दृष्टीने फरक तो काय! हे लिहिलं आणि लाजही वाटली नाही. दमलेय, म्हणून असेल.

१२ फेब्रुवारी

ताईने सगळं ठरवून टाकलं. झटका आलेल्यांसाठी एक निवासी केंद्र आहे, तिच्या ओळखीचं. चांगलं आहे म्हणते – व्यायाम, नर्स, बाग. एकतीस मार्चपासून जागा मिळेल. ताई तीसला सकाळी अकराला गाडी घेऊन येणार, एकतीसला ह्याला तिथे पोचवायचं आणि मग आम्ही दोघी पुढे जायचं. फॉर्म आलाय. टेबलाच्या खणात ठेवलाय. सही राहिलीय माझी.

"तू काही त्याला रस्त्यावर टाकत नाहीयेस," ताई म्हणाली. मी कुठे काय म्हणाले होते?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरणीने एक-दोन-तीन म्हणायला लावलं. हा म्हणाला, "तिकडे, तिकडे, तिकडे." ती म्हणाली, "काही हरकत नाही काका. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं कधीकधी आपोआप येतं. वारांची नावं, लहानपणची गाणी." मी म्हटलं, ह्याच्या तोंडात वर्षानुवर्षं काय बसलंय? "बरंय" सोडून!

ती हसली. हा हसला नाही.

१७ फेब्रुवारी

आता मीच करते. मीच म्हणजे माझे हात, आणि ह्याची भुवई. चुकलं की भुवई वर जाते. बरोबर असलं की काहीच होत नाही – ते आधीपासूनचंच!

रोज दुपारी जेवणानंतर एक तास. मग हा झोपतो आणि मी ही वही काढते. टेबलावरच्या रॉकेटचे चार पंख, त्यातले दोन मोडलेले. नळीवरचा जुना रंग ह्याने आधीच खरवडून ठेवलेला. वरचं निमुळतं टोक प्लॅस्टिकचं आहे, आतून पोकळ, निघतं-बसतं. त्याला हा टोपी म्हणायचा. मी टोपीला हात लावला तर ह्याने झडप घालून ती ओढून घेतली. इतक्या जोरात की खुर्ची कलंडली असती. मुठीत धरून बसला. जेवतानाही सोडली नाही. रात्री उशीखाली ठेवली.

ठेव बाबा. तुझी टोपी तुला लखलाभ.

२० फेब्रुवारी

ह्याचा मित्र आला होता, दाढीवाला. जुन्या सामानाचं दुकान आहे त्याचं. बहुतेक रॉकेटं त्यानेच आणून दिलीत. सत्तावीस वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल. दोघं एकमेकांना शोभायचे. आज मात्र ह्याला बघून बिचाऱ्याला धड बसवेना. दाढी कुरवाळत उभाच राहिला.

मी टोपीचं सांगितलं. म्हणाला, "वहिनी, चिठ्ठी असेल आत. दुरुस्त करणारे टोपीत चिठ्ठी ठेवतात. कुठे मिळालं, काय मोडलं होतं, काय केलं. पुढे कधी मोडलं तर पुढच्याला कळावं म्हणून. वर मातीचं बूच मारायचं, वजनही होतं."

त्याने फळीवरचं एक उतरवून दाखवलं. टोपीतली चिकणमाती सुरीच्या टोकाने काढली – आत सुरळी! ह्याचं अक्षर. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. माझ्याच घरात एकतीस चिठ्ठ्या!

तो गेल्यावर सात उघडल्या. हा खुर्चीत बसून बघत होता, अडवलं नाही. एक उतरवून ठेवते –

"३ मे. मिळाले: दुकानातून, खोक्यात तळाला. मोड: एक पंख, इलॅस्टिक कुजलेलं. काम: पंख नवा, पुट्टी दोनदा, रंग तीन हात. ठीक."

सातही अशाच. मीटरचे आकडे! एका तारखेला मी दवाखान्यात होते, ऑपरेशन होतं माझं. त्या दिवशीची चिठ्ठी म्हणते, "रंग वाळायला वेळ लागला. ठीक."

काय शोधत होते मी? स्वतःचाच राग आला. मातीची बुचं पुन्हा बसवली आणि भांडी घासायला गेले.

२४ फेब्रुवारी

पाठ दुखतेय. ह्याला उठवायचं, बसवायचं, न्हाणीघरात न्यायचं. परत बसवायचं. मग दुकान अर्धा दिवस. मग परत तेच.

२७ फेब्रुवारी

आज वाईट वागले.

पंख कापत होते. बाल्सा लाकूड, कापसासारखं हलकं. कागदावर आकार काढून दिलाय दाढीवाल्याने. मी कापड कापते, लाकूड काय अवघड! दोन्ही पंख सुरेख कापले, कडा घासल्या, गोंद लावून नळीला चिकटवले. जुन्यांपेक्षा नीटनेटके दिसत होते. ह्याची भुवई वर. मग टेबलावर थाप. मग पुन्हा थाप. "तिकडे! तिकडे!"

"काय तिकडे? काय चुकलं? सांग ना!"

ह्याने डाव्या हाताने नवा पंख धरला आणि अलगद वाकवला. कट्! मोडला. दुसराही मोडला. माझी दोन दिवसांची मेहनत.

मग माझाही तोल गेला. म्हणाले – ओरडलेच – "मी जाणार होते, माहितीये? तू पडलास त्या दिवशी! बॅग भरलेली आहे माळ्यावर, अजून तशीच आहे! तीस तारखेला ताई येतेय. तू केंद्रात आणि मी तिच्याकडे. कळलं? शिरलं डोक्यात?"

हा बघत राहिला. मग मोडलेला तुकडा उचलला, माझ्यापुढे धरला, नखाने त्यावरच्या रेघांवरून रेघ ओढली. लाकडाचे तंतू. मी आडवे कापले होते. पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर हवेच्या एका फटक्यात मोडतो. कापडाचा उभा धागा, आडवा धागा – मी, जी तीस वर्षं कापड बेततेय, तिने बघितलं नाही!

मी एवढं बोलले त्यातलं ह्याच्या डोक्यात काय शिरलं, काही कळलं नाही. त्याचं लक्ष लाकडात. खोलीतून बाहेर येऊन ओट्याला टेकून रडले. रडायलाही जोर लागतो, तेवढा नव्हता, म्हणून लवकर थांबले.

२८ फेब्रुवारी

नवे पंख कापले. उभ्या तंतूंवर. भुवई जागच्या जागी.

काल बोलले त्याबद्दल माफी मागावी म्हणून दोनदा तोंड उघडलं. काय सांगणार? खोटं बोलले असते तर माफी मागता आली असती.

५ मार्च

कंटाळा. पुट्टी, घासणे. पुट्टी, घासणे. बोटांची सालं गेली. पडद्याला लागली तर डाग पडतील म्हणून दुकानात पट्ट्या बांधून बसते. मालकीणबाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" मी म्हटलं, रॉकेट बनवतेय. त्यांना वाटलं चेष्टा करतेय. हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

८ मार्च

रंग आणायचा होता, तर कपाटात डबे सापडले. लाल, पिवळा, निळा. लाल लावू? "तिकडे" – ढकलला. पिवळा? ढकलला. निळा पुढे ओढला. झाकण सीलबंद होतं, म्हणजे खास ह्यासाठीच आणलेला.

निळा माझ्या आवडीचा. योगायोग म्हणायचा! माझी आवड ह्याला विचारली असती तर "बरंय" म्हणाला असता.

११ मार्च, मंगळवार

आज मोठी गंमत. म्हणजे गंमत नाही, पण लिहिते.

दाढीवाला आला. पॅराशूट कुठंय म्हणाला. रॉकेट वर गेलं की इंजिन उलटा फुंकर मारतं, टोपी उडते, आतलं पॅराशूट उघडतं आणि सगळं हळूहळू खाली येतं. टोपी आणि नळी इलॅस्टिकने एकमेकांना बांधलेली. ह्याच्या डब्यात पॅराशूटं सापडली – कचऱ्याच्या पिशव्या कापून केलेली! वेडीवाकडी, दोऱ्यांचा गुंता, चिकटून बसलेली.

मी कपाळाला हात लावला. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन! शेजारच्या खोलीत मी! आणि हा कात्रीने पिशव्या कापत बसायचा. एकदा म्हणायचं ना, अगं एवढं शिवून दे. पाच मिनिटांचं काम. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

"तो कधीच उडवायचा नाही ही दुरुस्त केलेली," दाढीवाला म्हणाला. "म्हणून पॅराशूटकडे लक्ष नसायचं. उडवलं की मोडतं, म्हणायचा. लग्नाआधी आम्ही उडवायचो की! मैदानावर. रॉकेटची लोखंडी काडी मी रोवायचो आणि मोजणी ह्याची."

"तेव्हा तरी बोलायचा का?"

"मोजणीपुरता, वहिनी!"

हसलो दोघंही. हा टोपी मुठीत धरून खिडकीबाहेर बघत होता. आणि मी म्हणून गेले – हे आपण उडवू या. तीस तारखेच्या आत. फळीवर बत्तिसावं ठेवायला आता कोण राहणार आहे इथे? ते शेवटचं वाक्य मोठ्याने नाही म्हणाले.

ह्याच्याकडे बघितलं. भुवई जागच्या जागी.

१३ मार्च

चार महिने झाले झटक्याला. काठी घेऊन दारापर्यंत गेला. डॉक्टर म्हणतात, उत्तम! मीही उत्तम म्हणाले आणि फोन करून ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "बघ, आता तुझं मन खाणार नाही." मन खातंच आहे. काय खातंय ते मात्र कळत नाही.

१६ मार्च

पॅराशूट शिवलं. पडद्याच्या पातळ अस्तराचं, दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून. आठ तिकोनी कळ्या, मध्ये बांगडीएवढं भोक – हवा निसटायला, नाहीतर पॅराशूट डोलत येतं. कडेला बारीक दुमड. आठ दोऱ्या, एका मापाच्या, सगळ्या गाठी अगदी सारख्या. माझं काम आहे ते.

ह्याच्या मांडीवर पसरलं. ह्याने डाव्या हाताची बोटं शिवणीवरून फिरवली. पूर्ण गोल. मग पुन्हा पूर्ण गोल. आठही कळ्या.



१९ मार्च

इलॅस्टिक मी वीतभर कापलं होतं. व्यवस्थित बसत होतं, उगीच लोंबत नव्हतं. भुवई वर! मग ह्याने मला फळीवरची रॉकेटं दाखवली, काठीने, एकेक करून. मी जवळ जाऊन बघितलं. बहुतेकांच्या नळीच्या तोंडाशी एक चेपलेला डाग, पुट्टीने भरलेला. दाढीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दोरी आखूड असली की टोपी ताणून परत येते आणि नळीच्याच ओठावर आपटते. जुन्या सगळ्यांना तो मार असतो. नळीच्या तिप्पट तरी दोरी पाहिजे, वहिनी."

तिप्पट कापली. लांबच लांब दिसते. ह्याने मुठीतली टोपी पुढे केली, सोडली मात्र नाही. तशीच मुठीत असताना मी तिच्या कडीला गाठ मारली. डोक्याला डोकं लागलं. ह्याच्या केसांना साबणाचा वास. सकाळी मीच धुतले होते.

२२ मार्च, शनिवार

तोल बघायचा असतो. रॉकेटच्या मध्याला दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर सरळ उडेल, आडवंतिडवं फिरलं तर कुणाच्या तरी डोक्यात जाईल. त्यासाठी टोपी हवी. ह्याने आपल्या हाताने बसवली, वर बोट रोखून मला दम दिला – काढायची नाही!

मी अंगणात फिरवत होते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अहो, हे काय? माशा मारताय?"

"नवऱ्याला पाठवतेय अंतराळात," म्हटलं.

हा खुर्चीत बसून होता. हसला! तोंड एका बाजूनेच हसतं आता, पण हसला. रॉकेट नाक पुढे करून सरळ फिरलं. फिरवून खांदा भरून आला. रंगाचा शेवटचा हात कालच दिला होता, तो हाताला लागला – निळा.

मग ह्याने हात पुढे करून, दोरी सोडवून टोपी परत मागून घेतली, मुठीत.

२५ मार्च

आठ दिवसांपासून बघतेय, फॉर्म खणात तसाच आहे. उद्या सही करते.

२६ मार्च

ताप आल्यासारखं वाटतंय. सही उद्या.

२८ मार्च, शुक्रवार

मास्तरणीचा शेवटचा दिवस. केंद्रात दुसरी कुणी शिकवेल. जाताना ह्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "काका, मला एक तरी आकडा म्हणून दाखवा की!" ह्याने प्रयत्न केला. ओठ हलले, कपाळावर घाम आला. "ति... तिकडे." तिने मान खाली घातली आणि चटकन चपला घातल्या. पोरीचे डोळे भरले होते. मला वाटायचं तिला नुसतं दटावताच येतं.

२९ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्याच्या गडबडीत राहून जाईल.

सकाळी नवाला दाढीवाला आला. पाण्याच्या टाकीमागचं मैदान. ह्याला खुर्चीसकट गाडीतून नेलं. ह्याने पांढरा शर्ट घालायला लावला, बोटाने दाखवून. दाढीवाल्याने जमिनीत लोखंडी काडी रोवली, रॉकेट तीवर ओवलं, खालून इंजिन, तारा, हातात धरायचं बटण. मी चिकटू नये म्हणून पॅराशूटला पावडर लावून घडी घातली, नळीत सारलं. राहिली टोपी.

मी हात पुढे केला. म्हटलं, देणार नाही हा.

दिली. ह्याने स्वतः माझ्या तळहातावर ठेवली. आणि माझी बोटं त्यावर मिटवली, एकेक करून, डाव्या हाताने. गरम होती टोपी, दीड महिना मुठीतली. मी दोरी बांधून बसवली, आणि दाढीवाल्याने बटण ह्याच्या डाव्या हातात दिलं.

दाढीवाला म्हणाला, "मागे व्हा. वहिनी, मोजा."

मला कसंतरीच वाटलं. रिकामं मैदान, तीन म्हातारी माणसं आणि एक खेळणं. घसा खाकरला. "दहा," म्हटलं. आणि पुढचा आकडा राहिलाच. उद्याचं आठवलं.

"नऊ."

दाढीवाल्याकडे बघितलं. तो बोलला नव्हता.

"आठ," हा म्हणाला. माझ्या शेजारून, खुर्चीतून. जाड, गंजलेला आवाज, पण ह्याचाच. "सात. सहा. पाच." अडखळला नाही! समोर काडीकडे बघत, तरुण माणसाच्या रुबाबात. "चार. तीन. दोन. एक." आणि अंगठा बटणावर.

सुऽऽ करून गेलं! मी वर बघितलंच नाही, ह्याच्याकडेच बघत राहिले. ह्याचं तोंड उघडं, मान मागे, डोळ्यांतून पाणी कानापर्यंत. मग दाढीवाला ओरडला, "उघडलं! वहिनी, तुमचं उघडलं!" तेव्हा बघितलं. माझं अस्तर, आठही कळ्या ताठ, आणि खाली निळं रॉकेट, आणि लांब दोरीला टोपी वेगळी डोलत. एकदाही आपटली नाही.

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. ह्याचे दोन्ही गाल धरून म्हणाले, "अरे, बोललास! अरे, पुन्हा म्हण!" तर म्हणाला, "तिकडे," आणि रॉकेट पडलं त्या बाजूला बोट केलं. आण म्हणतोय! मग मीच मोजायला लागले, दहा, आणि हा – नऊ, आठ, सात. गाडीत बसेपर्यंत चार वेळा. पुढे-मागे दुसरं काही नाही. एवढी एकच वाट उघडी आहे.

टोपी दगडावर पडली होती, बूच निघालं. दाढीवाल्याने मातीतून सुरळी उचलून मला दिली. म्हटलं, पुट्टी दोनदा, रंग तीन हात, ठीक! आणि पर्समध्ये टाकली.

३० मार्च, रविवार

नऊ वाजता सही करायला बसले. पेन शोधायला पर्स उलटी केली, चिठ्ठी पडली. उघडली. उतरवते –

"११ नोव्हेंबर. मिळाले: शाळेच्या कपाटातून. मोड: पंख दोन. काम: अर्धं. रंग निळा आणलाय, तिच्या खिडकीच्या पडद्याचा. माळ्यावर तिची बॅग बघितली, दोन महिने झाले. विचारलं नाही. मी विचारलं तर ती थांबेल, म्हणून. जाईल तेव्हा हे हातात देईन. हे उडवायचं."

खाली "ठीक" नाही.

चिठ्ठी ह्याच्यापुढे धरली. ह्याने वाचली की नुसती बघितली, माहीत नाही. मग काठी उचलून माळ्याकडे केली. "तिकडे." आणि मान हलवली – जा.

स्टूल आणलं. बॅग उतरवली. धूळ झटकून ह्याच्या पायाशी ठेवली आणि समोर बसले. म्हटलं, "असं नाही. आता विचार. तोंडाने विचार मला. मी बसलेय."

ओठ हलत होते. घाम पुसला नाही मी.

"दहा," हा म्हणाला. मी मोजणी सुरू न करता – विचारलं ह्याने.

ताईला फोन केला, ती गाडीतच होती. म्हटलं, परत फिर.